चार किलोमीटर कमी

आभाने समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता. तोही विशाखापट्टणच्या एका परिषदेत, दोन व्याख्यानांच्या मधल्या चाळीस मिनिटांत. पण विदर्भातल्या दिग्रसच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बसून तिने किनाऱ्यावरच्या पाच दिवसांच्या चालीचा आराखडा असा काढला होता की एखाद्या कोळ्यानेही मान डोलवावी.

ओडिशाच्या किनाऱ्यावरचं एक अभयारण्य. फेब्रुवारीत तिथे कासवं अंडी घालायला वाळूवर येतात. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची सात मुलं, बावन्न किलोमीटर, रोज पहाटे कासवांच्या मागांची मोजणी. वाटेत दोन खाड्यांची मुखं होती, ती फक्त ओहोटीतच ओलांडता येणार होती. मधल्या अठरा किलोमीटरमध्ये पिण्याचं पाणी नव्हतं, म्हणून प्रत्येकाने पाठीवर पाणी न्यायचं. चालायचं ते ओल्या वाळूवरून, कारण ती पायाखाली घट्ट राहते. कोरड्या वाळूत पाऊल रुततं आणि माणूस निम्म्या वाटेत थकतो. म्हणजे चालण्याची वेळ माणसाने ठरवायची नाही, ओहोटीने ठरवायची. ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. पहिल्या दिवशी सहा चाळीस, मग साडेसात, मग आठ वीस, नऊ दहा आणि पाचव्या दिवशी दहा. हे आकडे तिने फळ्यावर लिहिले आणि मुलांकडून पाठ करून घेतले.

२०१७ चा जुलै होता. एक्केचाळीस वर्षांची, कमी बोलणारी ही बाई अशी काही मोहीम काढेल असं कॉलेजात कुणालाच वाटलं नव्हतं. वनखात्याकडे परवानगीचा अर्ज गेला, तेव्हा स्टाफरूममध्ये चेष्टाही झाली. दिग्रसहून निघालेलं जहाज शेजारच्या आरणीच्या पुढे जाईल का, वगैरे. आभा हसली आणि आलेख कागदावर सरावाचे तक्ते आखत राहिली.

प्रत्येक मुलाला एक तक्ता. वार, जागा, पाठीवरचं वजन, किलोमीटर, तास, टीप. शेवटचा रकाना शिक्षकाच्या शेऱ्याचा. ऑगस्टपासून वजन घेऊन चालायचं, आठवड्याचं अंतर हळूहळू वाढवत न्यायचं, सप्टेंबरच्या शेवटी चाळीस किलोमीटर. कुणी दप्तरात पुस्तकं भरली, कुणी विटा.

"मॅडम, विटा कायले वाहू?" लखन म्हणाला. "आपला पंप हाय ना! सोळा लिटर पाठीवर घेऊन दिवसभर पऱ्हाटीत चालतोच की मी. त्याचा सराव धरत नाही का?"

"दर्यावर पण फवारा मारशील मग," मागच्या बाकावरून जया म्हणाली. ती लखनच्याच बंजारा तांड्यातली होती, त्याला सोडायची नाही. "कासवाईले बोंडअळी लागली म्हणशील."

सगळे हसले. आभासुद्धा. लखन राठोड हा तांड्यातला पहिलाच मुलगा, जो विज्ञान शाखेत तिसऱ्या वर्षापर्यंत पोचला होता. शनिवार, रविवार आणि कॉलेज सुटल्यावर तो आसपासच्या वावरांत फवारणीच्या मजुरीला जायचा. सरावासाठी त्याला वेगळा वेळ कुठला? आभाने तिथेच फळ्यावर गणित मांडलं. कपाशीच्या दोन ओळींत चार फूट अंतर धरलं, तर एक एकर पऱ्हाटी म्हणजे तीन पूर्णांक तीन किलोमीटरची चाल. पंप भरलेला असताना वीस किलो, रिकामा झाल्यावर चार. सरासरी बारा. किनाऱ्यावर न्यायच्या पाण्याइतकंच.

"चालेल," ती म्हणाली, आणि लखनच्या तक्त्यावर वजनाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं : पंप, १२ किलो.

ती एकदा तांड्यावर गेली होती, पालकांची संमती घ्यायला. लखनचा आजा धावजी बाजेवर बसला होता. दर्या म्हटल्यावर म्हाताऱ्याच्या अंगात तरतरी आली.

"आमचे आजे-पणजे दर्यावरून मीठ आनत, बाई. बैलाच्या पाठीवर गोण्या. कोणता दर्या ते नाही सांगता येत. पण माणूस चालाच्या आधी पाण्याचा मुक्काम ठरवे. आधी पाणी, मंग पाय. तुमी काय ठरवलं पहिले?"

"पाणी," आभा म्हणाली.

"मंग न्या पोट्ट्याले. येताना दर्यावरचं मीठ आनजा. दुकानातल्या पुडीचं नको."

लखनची आई बसंतीबाई मात्र अंगठ्याच्या नखाने संमतीचा कागद टोकरत उभी होती. "वाहून तं जाणार नाही ना थो?" तिने विचारलं.

आभाने तिला भरती-ओहोटी समजावून सांगितली. चंद्र, पाणी, वेळा. बसंतीबाईने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे नाही जाणार." अंगठा दिला.

त्या वर्षी पऱ्हाटी फार वाढली. ऑगस्टात छातीला लागली, सप्टेंबरात डोक्याच्या वर गेली. अळी हटत नव्हती म्हणून लोक दोन-दोन, तीन-तीन औषधं एका ड्रममध्ये कालवत. बाजारात, एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर, सगळीकडे हेच बोलणं. आभा ते ऐकत होती. दर रविवारी सकाळी दहाला मुलं तक्ते घेऊन प्रयोगशाळेत येत, ती आकडे तपासून शेरा लिहायची. लखनचा तक्ता सगळ्यांच्या पुढे होता. अठ्ठावीस किलोमीटर. तेहतीस. सदतीस. 'उत्तम', तिने लिहिलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा 'उत्तम'.

त्याच सत्रात ती तिसऱ्या वर्षाला मज्जासंस्था शिकवत होती. एका मज्जापेशीचा निरोप दुसरीकडे नेणारं एक रसायन असतं, आणि निरोप पोचला की ते पुसून टाकणारं एक विकर, एन्झाइम. काही कीटकनाशकं हे विकर बंद पाडतात. मग निरोप थांबतच नाही. अळी तडफडून मरते. माणसातही तेच घडतं : आधी मळमळ, धूसर दिसणं, मग लाळ, घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. लखन पहिल्या बाकावर बसून हे उतरवून घेत होता. त्याचं अक्षर सुरेख होतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी सात तक्ते टेबलावर आले. ऋचा नावाच्या मुलीच्या पायाला फोड आला होता, तिला पट्टी बांधून देण्यात आभाचा वेळ गेला. लखनच्या तक्त्यावरून तिने नजर फिरवली. बेरीज छत्तीस. ठरलेले चाळीस. शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं : 'चार किमी कमी. भरून काढ.' खाली सही, तारीख.

"जी मॅडम," लखन म्हणाला. "सव्वा एकर म्हंजे चार. आजच काढतो."

ती खूश झाली. पोराने गणित लक्षात ठेवलं होतं.

सोमवारी तो कॉलेजात आला नाही. मंगळवारी जया आली ती दारातच उभी राहून म्हणाली, "मॅडम, लखनले यवतमाळले नेलं. फवारणीची दवाई चढली."

आभा पुढच्या एसटीने निघाली. वॉर्डात खाटा भरल्या होत्या आणि खाटांच्या मधेही गाद्या घातल्या होत्या. बहुतेकांचे हात पट्टीने खाटेच्या दांडीला बांधलेले होते, कारण उताऱ्याच्या औषधाने भ्रम होऊन माणसं उठून पळत होती. लखनचेही बांधलेले. त्याचे डोळे उघडे होते, पण ते कुणाकडे पाहत नव्हते. तो सारखा पुटपुटत होता.

"सहा चाळीस. साडेसात. आठ वीस."

"कालपासून हेच लावलंय," नर्स म्हणाली. "एसटीच्या वेळा सांगतोय का काय. कंडक्टर आहे का हा?"

"नाही," आभा म्हणाली.

डॉक्टर तरुण होता आणि रात्री झोपलेला दिसत नव्हता. किती दिवस फवारणी केली, रोज किती तास, शेवटच्या दिवशी किती, हे तो विचारत होता. बसंतीबाईला सांगता येईना. ती नुसती हात हलवत होती. मग तिने लुगड्याच्या घडीतून एक कागद काढला आणि आभाच्या हातात दिला. "याच्या खिशात होता. तुमचाच हाय म्हने. पाहा बरं यात काही लिहेल हाय का?"

कागदाला फवारणीच्या औषधाचा वास येत होता. आभाने तो उलगडला. तारखा, वावरं, तास, सगळं होतं. ती डॉक्टरला एकेक ओळ वाचून सांगू लागली आणि शनिवारच्या ओळीवर थांबली. टिपेच्या रकान्यात लखनच्या सुरेख अक्षरात होतं : 'अर्धा दिवस. मळमळ. डोळ्यांपुढे धूसर. म्हणून ४ किमीच.' त्याच्या शेजारी, बोटभर अंतरावर, तिचा शेरा. आणि शेऱ्याच्या खाली, रकाने संपल्यावर समासात, वेड्यावाकड्या अक्षरांत : 'रविवार. विठ्ठलराव यांचे वावर. ३ एकर. १० किमी. ११ ते ५.'

"पुढे?" डॉक्टरने विचारलं.

"शनिवारी अर्धा दिवस. रविवारी सहा तास."

"शनिवारी काही त्रास झाला होता?"

"हो. मळमळ. धूसर दिसणं."

"आणि तरी रविवारी गेला? कमाल आहे या लोकांची." त्याने लिहून घेतलं. "तुम्ही यांच्या कोण?"

"शिक्षिका."

लखन जगला. अकराव्या दिवशी त्याचे हात सोडले. पण डोळे परत आले नाहीत. उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. पुढे थोडं सुधारेल किंवा नाही, असं डॉक्टर म्हणाला, आणि ते 'किंवा' त्याने हळू उच्चारलं.

नोव्हेंबरात चौकशीला माणसं येऊ लागली. विषबाधेची सरकारी मदत मिळायची तर तो मजुरीवर फवारणी करत होता हे दाखवायला हवं होतं. विठ्ठलराव म्हणाले, त्या रविवारी माझ्या वावरात फवारणी नव्हतीच. पोरगा दुसरीकडे कुठे गेला असेल, किंवा त्याने आणखी काही घेतलं असेल. दुसरा मजूर त्या दिवशी आला नव्हता, त्यामुळे पाहणारं कुणी नव्हतं. अधिकाऱ्याने लखनच्या घरच्यांसोबत गेलेल्या जयाला सांगितलं, त्या दिवशीचं लिहिलेलं काही असेल तर आणा, नाहीतर मी काय करू?

जयाने हे आभाला सांगितलं. आणि विचारलं, "मॅडम, थो तक्ता तुमच्याजवळच हाय ना?"

दवाखान्यातून तो तिच्याबरोबरच आला होता आणि घरच्या टेबलाच्या खणात होता. सहा आठवडे.

आभाचे वडील नीळकंठराव कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे कागद सांभाळलेला माणूस. त्यांनी चष्मा लावून तक्ता दोनदा वाचला. तिसऱ्यांदा फक्त शेवटचा रकाना वाचला.

"हे कुणी कुणी पाहिलंय?"

"मी. आता तुम्ही."

"मग नक्कल काढ. वार, वावर, वजन, तास, अंतर. शेवटचे दोन रकाने गाळ. खाली लिही, माझ्याकडील नोंदींवरून."

"ते खोटं होईल, बाबा."

"खोटं कसं? लागेल तेवढं खरं. त्याचं काम होण्याशी मतलब." त्यांनी कागद घडीवर घडी घालून परत दिला. "मूळ दिलंस तर पहिला प्रश्न तुला. विठ्ठलरावचा वकील म्हणेल, पोराला मी नाही, बाईंनी पाठवलं. कॉलेज काय करेल ते वेगळंच. आणि ऐक, कागद एकदा हातातून गेला की आपला राहत नाही. मग तो ज्याच्या हातात, त्याचा."

तिने नक्कल काढली. नवा आलेख कागद, पट्टीने आखलेल्या रेघा, सातच्या जागी पाच रकाने. एकही आकडा चुकीचा नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती तांड्यावर गेली तेव्हा नक्कल पिशवीत वरच होती. मूळ कागदही पिशवीत होता, तळाशी. तो घरी ठेवून निघायचं तिने ठरवलं होतं, पण खण बंद करायच्या वेळी हातच धजला नाही.

लखन अंगणात बाजेवर बसला होता. डोळ्यांवर हिरवं फडकं. आजा शेजारी. बसंतीबाई पाय पसरून, मांडीवर सूप घेऊन बोंडांतला कापूस वेचत होती.

"मॅडम का?" लखन म्हणाला. "चपलीवरून वळखलं."

बसंतीबाईने उठून तांब्याभर पाणी दिलं. आभा ते सगळं प्यायली.

"परवानगी आली का?" लखनने विचारलं.

"आली. गेल्या आठवड्यात."

"मायं नाव?"

"आहे. तिसरं."

तो जरा हसला. "आता तुमी आठच्या ठिकाणी सातच जण. पाणी कमी लागन." मग म्हणाला, "जया सांगत होती, तुमी कागद आनून राह्यले. वाचा ना."

तिने नक्कल काढून वाचली. सोमवार, वावर, तास, किलोमीटर. मंगळवार. बुधवार. लखनचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. त्याला सगळं पाठ होतं.

"शनिवार. चार किलोमीटर. तीन तास," तिने वाचलं. "रविवार..."

"थांबा मॅडम. शनिवारचं पुढे म्या काही लिहिलं होतं."

तिने नक्कल गुडघ्यावर ठेवली.

"मले दिसत नाही तवापासून सगळे अर्धंच वाचतात," लखन म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. एखादं निरीक्षण नोंदवावं तसं तो बोलला, तिनेच शिकवलं होतं तसं. "दवाखान्याचा कागद बी अर्धाच वाचला यायनं. तुमी तं पुरा वाचा."

पिशवीच्या तळातून मूळ कागद काढायला तिला वेळ लागला. वास अजून गेला नव्हता. बसंतीबाईचे हात सुपात थांबले. तो वास तिने ओळखला होता.

"शनिवार," आभाने वाचलं. "अर्धा दिवस. मळमळ. डोळ्यांपुढे धूसर. म्हणून चार किलोमीटरच." तिने श्वास घेतला. "त्यापुढे शेरा. चार किलोमीटर कमी. भरून काढ."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. धावजी कानामागे हात धरून बसला होता.

"शेरा म्हंजे?" बसंतीबाईने विचारलं.

"वाचणाऱ्याने लिहायचं असतं ते."

"कोनं लिहिलं?"

"मी."

"त्याले मळमळते, दिसत नाही, हे वाचून लिहिलं?"

आभाला सांगता आलं असतं की त्या सकाळी घाई होती, एका मुलीच्या पायाला फोड आला होता, नजर फक्त बेरजेवर गेली. ते खरंही होतं. लागेल तेवढं खरं.

"ते माझ्यासमोर होतं," ती म्हणाली. "मी बेरीज वाचली."

"याडी, मॅडमनं नाही धाडलं," लखन आईला म्हणाला. "मीच गेलतो. विठ्ठलरावचा मानूस आला नव्हता..."

"तू चूप राह्य."

बसंतीबाईने सूप खाली ठेवलं. ती रडली नाही, ओरडली नाही. पदराला हात पुसले आणि पुढे केला. आभाने तिच्या हातात नक्कल ठेवली. बसंतीबाईला वाचता येत नव्हतं, पण तिने कागद नाकाजवळ नेला, आणि परत केला.

"हा नाही. थो."

आभाने मूळ तक्ता दिला.

"यात विठ्ठलरावचं नाव हाय ना?"

"आहे."

"अन् तुमचं?"

"आहे. सही आहे. कुणी विचारलं तर मी येऊन सांगीन, माझीच आहे म्हणून."

"यावंच लागन तुमाले." तिने कागद घडी करून कमरेच्या थैलीत खोचला. "आता जा बाई. दिवस हाय तंवर जा."

धावजीला सगळं ऐकू आलं नव्हतं. तो मधेच म्हणाला, "मीठ आनलं का बाईनं?"

जया वाटेपर्यंत सोबत आली. ती आज एकही टोमणा मारत नव्हती. "मॅडम, साडेचारची गाडी गेली असन. फाट्यावरून पुढची सहाले."

"चालते मी."

पायवाट विठ्ठलरावांच्या वावरातून जात होती. वेचणी अर्धी झाली होती, पण झाडं उभीच होती. आभा दोन ओळींच्या मधे शिरली आणि चालू लागली. वीस-पंचवीस पावलांवर तिला बाहेरचं दिसेनासं झालं. फांद्या दोन्ही बाजूंनी मिळाल्या होत्या. पऱ्हाटी तिच्या डोक्याच्या वर हातभर होती. फवाऱ्याची नळी शेंड्यापर्यंत न्यायची तर हात उंचावावा लागला असता, आणि मारलेलं सगळं परत तोंडावर आलं असतं.

वजन, अंतर, तास. तक्त्यात तिने झाडाच्या उंचीचा रकाना ठेवला नव्हता.

एक ओळ संपायला किती पावलं लागतात, ते तिने मोजलं नाही. पहिल्यांदाच. वारा नव्हता. ओठांवर फवाऱ्यासारखा घाम उतरला तसा तिने तोंडावरून पदर घेतला आणि लक्षात आलं, या वावरात आता फवारणी संपली आहे. तरी तिने तो काढला नाही.